तिथीची पाऊणपट आणि मुलांचा प्रश्न

(वाशी येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सारी हयात प्राथमिक शाळेच्या वर्गात काढली आणि ते सेवानिवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात प्रशंसेचा एकही शेरा नव्हता, असे मंडळाच्या चिटणिसांनी निमंत्रण देताना मला सांगितले. हे सांगताना त्यांच्या स्वरात खेदापेक्षा अभिमानच अधिक होता. त्या अभिमानाचे मर्म काय असावे याचा विचार करीत असतानाच आजच्या व्याख्यानाचा विषय मला सुचला. वर्गात जे खरे घडते आणि दफ्तरात ज्याची नोंद होते, त्यांच्यातील अंतर आपल्या शिक्षणाच्या इतिहासात इतके जुने आहे की त्याची आपल्याला आता खंतही वाटेनाशी झाली आहे. आणि ज्या शाळेविषयी मी आज बोलणार आहे ती नेमकी या अंतरात, दफ्तराच्या हद्दीबाहेर परंतु वर्गाच्या हद्दीत, आपला संसार थाटून बसलेली आहे.

या शाळेचे नाव मी सांगणार नाही. नाव सांगितले की दुसऱ्या दिवशी पालकांची रांग लागते आणि तिसऱ्या दिवशी एखादा चौकशी अधिकारी येतो. शाळा लहान आहे, तिला दोन्ही झेपणारे नाहीत. बेलापूरच्या बाजूला, जिथे सिडकोने आखलेले रस्ते संपून मूळ गावठाणाच्या गल्ल्या सुरू होतात, तिथे एका जुन्या दुमजली घरात ती भरते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले, तेव्हापासून या भूमीवर दोन वस्त्या एकमेकींना खेटून राहत आल्या आहेत: एक नकाशावरून उतरलेली आणि दुसरी नकाशाआधीची. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात भूमिपुत्रांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच माणसे मृत्यू पावली, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही; बाहेरून येऊन सदनिका घेतलेल्यांना ते बहुधा माहीत नसते. त्या शाळेत या दोन्ही वस्त्यांची मुले एकाच सतरंजीवर बसतात. शुल्क बहुतेकांकडून घेतात, गावठाणातील काहींना माफ आहे.

शाळेत तास नाहीत, घंटा नाही, इयत्तांच्या भिंती नाहीत. आठ ते बारा वर्षांची मुले मिश्र गटांत काम करतात आणि शिक्षकांना ताई किंवा दादा म्हणतात. हे सारे ऐकून आपल्यापैकी काहींच्या मुखावर जे स्मित उमटले आहे ते मी पाहिले. तेच स्मित घेऊन मीही तेथे गेलो होतो, कारण मुलांनी आपल्या मनाने शिकावे हा सिद्धान्त आज इतक्या चकचकीत भाषेत आणि इतक्या मोठ्या फलकांवर मांडला जातो की त्याच्याविषयी संशय न येणे हेच अरसिकपणाचे लक्षण ठरावे. पाम बीच मार्गाने येताना मूल स्वतः शोध घेईल, मूल स्वतः निर्मिती करील अशी आश्वासने मी वाचली होती. ती वाचताना एखादे नवे परदेशी यंत्र बाजारात आले असावे असा भास होत होता. तथापि ज्या प्रसंगाने माझ्या संशयाला निराळी दिशा मिळाली तो प्रथम सांगतो.

एका गटाने खाडीच्या पाण्याचा प्रश्न घेतला होता. दिवाळे कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मुलीच्या घरची होडी आहे. तिला वडिलांच्या होडीच्या वेळा रोज बदलताना दिसत, आणि शाळेची वेळ मात्र रोज तीच, याचे तिला नवल वाटे. पाण्याला रोज उशीर का होतो, असा तिचा साधा प्रश्न होता. गटाने एक बांबू आणला, त्यावर दर दहा सेंटिमीटरला तांबडी रेघ ओढली, आणि तो धक्क्याच्या खांबाला सुंभाने बांधला. पहिला बांबू भरतीने नेला. दुसरा नायलॉनच्या दोरीने बांधला, तो राहिला. पाणी कोणत्या रेघेपर्यंत चढले आणि चढायचे केव्हा थांबले हे मुले वहीत टिपू लागली. शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यात भरती शाळेच्या वेळेत येई, तेव्हा सारा गट ताईंबरोबर धक्क्यावर जाई; पुढे ती सायंकाळकडे सरकली तेव्हा कोळीवाड्यातील मुलांवर काम आले; आणि नवमी-दशमीनंतर सकाळची भरती शाळेच्या वाटेवर सापडू लागली. पंधरवडा संपला तेव्हा वहीत वेळांचे एक वेडेवाकडे पण सच्चे कोष्टक तयार झाले होते. त्यात कुठे शाईवर खाऱ्या पाण्याचे डाग होते, एका रकान्यात “आज लग्न होते” एवढेच लिहिले होते, आणि एका ठिकाणी वेळेच्या जागी “पाणी थांबलेच नाही” अशी तक्रार होती.

या कोष्टकावरून मुलांनी काढलेला निष्कर्ष असा की भरती दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते, क्वचित तासाच्या आसपासही. ही गोष्ट ती मुलगी घरी सांगू लागली तेव्हा तिचे आजोबा, ज्यांनी उभा जन्म खाडीत काढला, ते हसले. “तिथीची पाऊणपट कर, पोरी, भरतीची वेळ निघते. त्याला वही कशाला?” असे त्यांनी तिला सांगितले. कोकणच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दींना हा आडाखा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुलगी दुसऱ्या दिवशी हा आडाखा शाळेत घेऊन आली, आणि तेथे एक मजेदार अडचण उद्भवली, ती ही की अकराची पाऊणपट तोंडी कोणालाच करता येईना. दशांश अपूर्णांक मुलांना येत होते, गणकयंत्र हाताशी होते, परंतु पाऊणकी कोणाच्या कानावरून गेलेली नव्हती. मग ताईंनी घरातून एक जुनी अंकलिपी आणली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी ती सारी पलटण पंतोजींच्या काळी मुले छडीच्या धाकाने म्हणत, आणि तिला आपण कालबाह्य म्हणून केव्हाच निरोप दिला. तीच पलटण त्या दुमजली घराच्या पडवीत मुलांनी आपण होऊन, एका सुरात, घोकायला आरंभ केला. सांगायचे ते हे की घोकंपट्टीचा निषेध करण्यासाठी जी शाळा निघाली तिच्यात मी पाऊणकीची घोकंपट्टी ऐकली, आणि ती मला मुळीच विसंगत वाटली नाही.

याच्याही पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. पाऊणकी पंधरापर्यंत म्हटल्यावर एका मुलाच्या ध्यानात आले की पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, म्हणजे पौर्णिमेला भरती सव्वाअकराला यावी. आणि दुसऱ्याच तिथीला, प्रतिपदेला, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे ती पाऊण वाजता यावी. रोज पाऊण तासाने सरकणारे पाणी त्या एका तिथीत एकदम दीड तास कसे सरकेल? मुलांनी आपले कोष्टक काढून पाहिले. त्यात अशी उडी कोठेच नव्हती. आजोबांचा आडाखा चुकीचा, असा निकाल एका गटाने तत्काळ दिला, त्यावरून कोळीवाड्यातील मुलांचा आणि त्यांचा वादही झाला. ताईंनी निकाल दिला नाही. दोन दिवसांनी मुलांनीच हिशेब मांडला: पंधरा तिथींत भरती पुन्हा बाराच्या ठिकाणी यायची तर तिने बारा तास, म्हणजे सातशे वीस मिनिटे सरकले पाहिजे, त्याला पंधराने भागले असता दर तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे येतात, पंचेचाळीस नव्हे. आजोबांच्या आडाख्यात दर तिथीला तीन मिनिटे कमी पडतात, आणि पंधरवड्याच्या अखेरीस त्याच तीन मिनिटांचा पाऊण तास होतो. हा हिशेब घेऊन मुले आजोबांकडे गेली. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि होडी सोडणाऱ्याला तीन मिनिटांचे काय करायचे, असा प्रतिप्रश्न केला. यावरही शाळेत चर्चा झाली, आणि कोणत्या कामाला किती बिनचूकपणा पुरतो हा विषय, जो विद्यापीठाच्या पदवी वर्गातही क्वचितच शिकवला जातो, तो आठ-दहा वर्षांच्या मुलांपुढे आपल्या पायांनी चालत आला.

हे ऐकून आपण म्हणाल की हे सारे आपोआप घडले. तसे ते घडले नाही, आणि माझ्या व्याख्यानाचा मुद्दा येथेच सुरू होतो.

मुले निघून गेल्यावर ताईंनी मला आपली टाचणवही दाखवली. भरती-ओहोटीचा विषय निघाला त्याच रात्री त्यांनी चंद्राच्या गतीविषयी जे मिळेल ते वाचून काढले होते, भरतीचे छापील कोष्टक मिळवले होते, पंचांगातील तिथी व इंग्रजी तारीख यांचा मेळ घालून ठेवला होता, आणि पौर्णिमेच्या उडीची अडचण मुलांना दिसण्याच्या पुष्कळ आधी आपल्यापाशी नोंदवली होती. त्या वहीत दर दिवसाच्या पानावर खाली एक जागा आखलेली होती, आणि तिला शीर्षक होते: “आज सांगितले नाही.” त्या जागेत कधी एक ओळ, कधी सहा-सात ओळी होत्या. आडाख्यातील तीन मिनिटांची गोष्ट तेथे सलग चार दिवस लिहिलेली होती, आणि पाचव्या दिवशी तिच्यापुढे एका मुलाचे नाव लिहून बरोबरची खूण केलेली होती.

सभ्य गृहस्थहो, माहिती असूनही ती सांगण्याचा मोह चार दिवस आवरणे हे शिक्षकाच्या धर्मातील सर्वांत कठीण व्रत आहे, आणि ते पाळण्यासाठी शिक्षकाजवळ ज्ञान तर हवेच, परंतु त्याहून अधिक एक गोष्ट हवी, ती म्हणजे चार दिवस वाया गेले असा जाब विचारणारा कोणी वर बसलेला नसावा. मुलांच्या स्वातंत्र्याचा जो गौरव सर्वत्र चालला आहे त्यात या दुसऱ्या स्वातंत्र्याचा उच्चार मला फारसा आढळत नाही. प्रश्नांची मुलांना वाण कधीच नव्हती. ते प्रत्येक घरात, प्रत्येक झोपडीत, आईबापांना सळो की पळो करून सोडण्याइतके विपुल असतात. वाण आहे ती प्रश्नाला उत्तर न देता थांबण्याची मुभा असलेल्या शिक्षकाची.

या शाळेतील सर्वच काही मला रुचले असे नाही, आणि तेही सांगितले पाहिजे. भिंतीवर लावलेल्या प्रश्नांच्या पाटीवर जे पन्नासएक प्रश्न होते त्यांतील निम्मे तरी मला उसने वाटले. आकाश निळे का, स्वप्ने का पडतात, रोहित पक्षी गुलाबी का, असे प्रश्न मुलांनी विचारले होते खरे, परंतु ज्या शाळेत प्रश्नाची वाहवा होते त्या शाळेतील चाणाक्ष मूल, उत्तराची वाहवा होणाऱ्या शाळेतील मूल जसे उत्तर पाठ करते तसे, प्रश्न पाठ करते. रोहित पक्ष्यांचा गट कित्येक आठवडे चित्रे रंगवण्यापलीकडे गेलेला नव्हता. नेरुळच्या पाणथळीवर ते पक्षी हिवाळ्यापासून मुक्काम ठोकून होते, पण गटातील कोणी त्यांच्याकडे घटकाभर टक लावून बसल्याचे त्यांच्या वहीवरून दिसत नव्हते. एका मुलाने तर भ्रमणध्वनीवरून सबंध उत्तर उतरवून आणले होते आणि त्यातील एका शब्दाचाही अर्थ त्याला सांगता येत नव्हता. ताईंनी हे माझ्यापासून लपवले नाही. प्रश्न कोळ्याच्या होडीतून आला तेव्हा तो वाढला, आणि पाटीसाठी बनवला तेव्हा तो पाटीवरच राहिला, इतके मात्र मला तेथे स्पष्ट दिसले.

आता त्या फलकांकडे वळतो. ही पद्धती परदेशातून आलेली आणि श्रीमंतांच्या मुलांसाठी आहे असा जो समज आपल्याकडे रूढ होत चालला आहे, त्याला इतिहासाचा आधार नाही. जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो येथे आपली प्रायोगिक शाळा काढली, हे खरे. आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याच ड्यूईंच्या व्याख्यानांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ नंतरच्या वर्षांत बसत असत, हेही आपण जाणतो. परंतु महाराष्ट्रात ही पद्धती जिथे प्रत्यक्ष रुजली ती स्थळे पाहा. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सान्निध्यात भावनगरला माँटेसरीचे तत्त्व आत्मसात केले, १९३६ साली दादरला शिशुविहार काढले, आणि तेथे सर्व सुस्थिर असताना १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. महागडी आयात साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे हीच त्यांनी साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळा वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली कोसबादच्या टेकडीवर गेल्यावर, वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिचे नाव ठेवले कुरणशाळा. गुरे चरत असताना चालणाऱ्या त्या शाळेला कोणती घंटा आणि कोणते वेळापत्रक असणार!

पुढचा मासला पाबळचा. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील अधिकाराची जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील त्या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम काढला, आणि शाळेतून गळालेल्या मुलांच्या हातात पान्हा, करवत व पाणी शोधण्याची उपकरणे दिली. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले, त्यापूर्वी त्यांनी शिक्षकांना शिकवण्यात आयुष्य वेचले होते. म्हणूनच कदाचित त्यांना हे ठाऊक होते की शाळा पालटायची तर आधी शिक्षकाचा दिवस पालटला पाहिजे. आणि येथून खाडीपलीकडे, मानखुर्दला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते १९७४ साली स्थापन झाले, आणि त्याच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या ग्रामीण शाळांत झाले, दुसरे मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. वारली गुराखी, पाबळचे गळालेले विद्यार्थी, खिरोद्याची शेतकऱ्यांची मुले आणि मुंबईच्या चाळींतील व झोपड्यांतील मुले यांच्यात जी पद्धती वाढली, तिला आज प्रवेशशुल्काचा हप्ता लावून विकले जाते, याला मी बाजाराचा चमत्कार म्हणतो.

मग ही पद्धती सरकारी शाळेत का टिकली नाही? येथे मला होशंगाबादची गोष्ट सांगणे अवश्य वाटते, कारण ती महाराष्ट्राबाहेरची असली तरी तिच्यात मुंबईच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम आरंभला, पुढे तो शेकडो शाळांत पसरला, आणि १९८२ पासून त्याची धुरा एकलव्य या संस्थेने वाहिली. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. ती मुलांनी प्रयोग करून स्वतः भरायची. सवालीराम नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला मुलांनी पत्रे लिहावीत आणि त्याने प्रत्येकाला उत्तर पाठवावे अशीही योजना होती. शिक्षकांच्या दरमहा बैठका होत, आणि त्यांत काय चुकले, कोणता प्रयोग फसला, याची चर्चा चाले. परीक्षेला पुस्तके उघडी ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला गुण होते. ३० वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली शासनाच्या हुकुमाने बंद झाला. आता पाहा, त्यात जे महत्त्वाचे होते त्यातील बहुतेक दफ्तराच्या अखत्यारीतले होते: शिक्षकाला बैठकीसाठी मिळणारी मोकळीक, फुटलेल्या परीक्षानळीच्या जागी नवी येण्याची व्यवस्था, आणि परीक्षेचे नियम. मुलांच्या जिज्ञासेला शासनाचा हुकूम लागत नाही. परंतु तिच्या पाठीशी उभा राहणाऱ्या शिक्षकाला तो लागतो, आणि जो हुकूम एका सहीने निघतो तो दुसऱ्या सहीने रद्दही होतो.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक आपला प्रयोग मुलांपासून आरंभत नाही, तो शिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीपासून आरंभतो, हे मला म्हणूनच फार अर्थपूर्ण वाटते. मला एक वर्ग एका वर्षासाठी द्या, अशी त्याची विनंती आहे. आणि अधिकारी ती मान्य करतो, परंतु वर्षाअखेरच्या परीक्षेची आठवण करून देऊन. नव्वदएक वर्षांत त्या कचेरीतील खुर्ची बदलली असेल, परीक्षेची आठवण बदललेली नाही.

त्याहीपूर्वी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात या रोगाचे निदान आहे. शाळांना परीक्षेच्या निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धती त्या काळी प्रचलित होती, आणि ज्या समाजात शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण झालेली नाही तिथे ती मुळीच उपयोगाची नाही, असे जोतीरावांनी स्वच्छ सांगितले. प्राथमिक शिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे व्यावहारिक ज्ञान असावे, शिक्षकांचे पगार वाढवावेत, आणि नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही अशांमधून शिक्षक निवडावेत, असाही त्यांचा आग्रह होता. त्या मुलीचे आजोबा शाळेत शिकवायला आले असते तर जोतीरावांना ते खचित आवडले असते. प्रत्यक्षात त्या शाळेने आजोबांना एकदा बोलावले होते, असे मला कळले. ते आले, पडवीत बसले, जाळे विणून दाखवले, आणि आपल्या पायांना चिखल आहे म्हणून आत यायला मात्र त्यांनी नकार दिला.

आपण म्हणाल, कायदा आता बदलला आहे. बदलला आहे खरा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि त्याच्या एकोणतिसाव्या कलमात, कृती, शोध आणि अन्वेषण यांच्या द्वारे शिक्षण व्हावे असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. तत्पूर्वी प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालील २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने रचनावाद हा शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत पोहोचवला. परिणाम असा की अनेक शाळांच्या फरश्यांवर रंगीत आकृत्या आल्या, आणि तपासणीच्या पत्रकात रचनावादी शाळा आहे काय, होय किंवा नाही, असा रकाना आला. काही ठिकाणी, विशेषतः सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटात, शिक्षकांनी एकमेकांच्या साहाय्याने खरोखरच वर्ग पालटले, आणि राज्यभरचे शिक्षक ते पाहायला गेले. इतरत्र पुष्कळ ठिकाणी रंग आधी आला आणि शिक्षकाची मोकळीक आलीच नाही. जो शिक्षक सकाळी शोध आणि अन्वेषण यांच्या द्वारे शिकवील आणि दुपारी मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, भ्रमणध्वनीवरून भरायची माहिती आणि तातडीचे म्हणून आलेले परिपत्रक यांच्या रकान्यांत बुडून जाईल, त्याच्या टाचणवहीत “आज सांगितले नाही” अशी जागा आखायला उसंत कोठून मिळणार? त्याने जे सांगितले तेच लिहायला त्याला वेळ पुरत नाही.

मी त्या शाळेतून निघण्याच्या सुमारास एक पालक, बँकेतील नोकरदार गृहस्थ, मुलाला न्यायला आले होते. ओळख झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की हे सगळे उत्तम आहे, पण दहावीचे काय? हा प्रश्न उपहासाने टाळण्यासारखा नाही. ताईंनी त्याचे उत्तर न डगमगता दिले: काही मुले सतरा नंबरचा अर्ज भरून मंडळाच्या परीक्षेला बसतील, काही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे जातील, आणि काही आठवीपासून नेहमीच्या शाळेत जातील व तिथे पहिले सहा महिने त्यांना जड जाईल. गृहस्थांचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झाले नाही. कारण कोळीवाड्यातील मुलीला ते सहा महिने जितके जड जातील तितके त्या गृहस्थांच्या मुलाला जाणार नाहीत. त्याच्यासाठी खासगी शिकवणी आहे, घरी इंग्रजी आहे, आणि नापास होण्याची सवड आहे. या शाळेने ज्या मुलीच्या प्रश्नावर आपला सर्वांत सुंदर पंधरवडा उभा केला, तिचीच जोखीम सर्वांत मोठी आहे. ही विषमता त्या शाळेने निर्माण केलेली नाही, पण तिच्या दुमजली घरात ती सुटण्यासारखीही नाही. ती सुटायची तर महापालिकेच्या शाळेत सुटेल, जिथे अशा मुली शेकडोंनी बसतात.

म्हणून माझी या सभेपुढे, आणि सभेत बसलेल्या महापालिकेच्या शिक्षण विभागातील सन्मान्य अधिकाऱ्यांपुढे, एक मागणी आहे, आणि ती नवी इमारत, नवे उपकरण किंवा नवे धोरण यांची नाही. शहरातील पालिका शाळांतील ज्या शिक्षकांना इच्छा आहे अशांना महिन्यातील एक शनिवार मोकळा द्यावा. त्या दिवशी त्यांनी एकत्र बसून आपल्या वर्गातील एखादा खराखुरा प्रश्न, तो कसा वाढला आणि कसा फसला, हे एकमेकांना सांगावे, होशंगाबादच्या शिक्षकांप्रमाणे. त्या दिवसाची हजेरी कर्तव्यावर धरावी. बैठकीचा अहवाल मागवू नये; मागवलाच तर एका पानापेक्षा अधिक नको, आणि त्यात टक्केवारीचा रकाना नको. बैठकीला जागा हवी असेल तर खाडीपलीकडच्या विज्ञान शिक्षण केंद्राला विचारून पाहावे. शाळाशिक्षकांशी त्यांचा संबंध अर्ध्या शतकाचा आहे. प्रवासभत्त्याची रक्कमही दफ्तराला भारी पडू नये, कारण वाशीहून मानखुर्द हे पुढचेच स्टेशन आहे.